त्रिमितीय ॲनिमेशन : प्राथमिक अभ्यास

लांबी, रुंदी आणि खोली असलेली आकृती संगणकात रचून ती काळानुसार हलवायची आणि तिची एकेक फ्रेम तयार करायची, असे हे तंत्र आहे. बोलण्यात त्याला सरसकट ‘थ्रीडी’ म्हणतात. कागदावरच्या ॲनिमेशनमध्ये पात्र दरवेळी नव्याने काढावे लागते. येथे ते एकदाच घडवायचे असते आणि पुढे कळसूत्री बाहुलीसारखे नाचवायचे असते.

या तंत्राची बरीचशी पायाभरणी अमेरिकेतील यूटा विद्यापीठात झाली. तेथे विद्यार्थी असलेल्या एड कॅटमल यांनी १९७२ साली फ्रेड पार्क यांच्या मदतीने आपल्या डाव्या हाताची चलत्‌प्रतिमा संगणकावर केली. त्यासाठी हाताचा प्लास्टरचा साचा काढून त्यावर शाईने त्रिकोण-चौकोन आखले आणि प्रत्येक कोपऱ्याचे मोजमाप घेतले. १९७५ साली त्याच विद्यापीठात मार्टिन न्यूवेल यांनी घरातल्या चहाच्या किटलीचे मॉडेल केले. फुगीर पोट, मधे भोक असलेली दांडी, वाकडी चोच आणि स्वतःवरच पडणारी सावली यांमुळे प्रकाश व पृष्ठभागाच्या चाचण्यांसाठी ही किटली जगभर वापरली गेली. मूळ किटली आता कॅलिफोर्नियातील संगणक इतिहास संग्रहालयात आहे.

मॉडेल म्हणजे बिंदू, बिंदू जोडणाऱ्या कडा आणि कडांनी वेढलेली पृष्ठे यांची जाळी. नवशिका बहुधा ठोकळ्यापासून सुरुवात करतो. त्याचे एखादे पृष्ठ बाहेर ओढले की हात निघतो, आत ढकलले की खोबण होते. जाळी शक्यतो चौकोनी ठेवावी, कारण कोपर किंवा ओठ वाकवताना अस्ताव्यस्त त्रिकोणांच्या ठिकाणी विचित्र सुरकुत्या उठतात. स्थिर चित्रात हा दोष दिसत नाही, पात्र हलू लागले की उघडा पडतो. बारीक जाळी म्हणजे चांगले मॉडेल, हा समजही तितकाच फसवा आहे.

अभ्यासाचा खरा कस उसळत्या चेंडूत लागतो. बहुतेक विद्यार्थी हा पाठ उरकून थेट माणूस चालवायला घेतात आणि तेथेच अडकतात. ॲनिमेटर महत्त्वाच्या क्षणांच्या स्थिती ठरवतो, त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधल्या फ्रेम संगणक भरतो. चेंडू वर असतानाची आणि खाली असतानाची अशा दोनच की-फ्रेम दिल्या, तर संगणक सवयीने दोन्ही टोकांना वेग मंदावतो, आणि चेंडू जमिनीजवळ पाण्यात तरंगल्यासारखा अलगद टेकतो. प्रत्यक्षात जमिनीला लागतानाच त्याचा वेग सर्वाधिक असतो. सव्वा मीटरवरून सोडलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम धरल्यास १२ फ्रेममध्ये खाली येतो; त्यांतील पहिल्या ६ फ्रेममध्ये तो अवघे पाव अंतर कापतो. म्हणून गतीच्या आलेखात वरच्या टोकाला गोलाई आणि जमिनीपाशी टोकदार कोन हवा. प्रत्येक उसळीची उंची घटते, तसा तिचा वेळही घटतो. आदळताना चेंडू चपटा करायचा, पण आकारमान कायम ठेवून. नाहीतर तो लहान झाल्यासारखा दिसतो. रबरी आणि लोखंडी गोळ्यातला फरक रंगावरून नव्हे, या वेळेच्या हिशेबावरून कळतो.

वॉल्ट डिझ्नीच्या कलावंतांनी कागदावर घडवलेले हे नियम त्रिमितीलाही लागू होतात, हे जॉन लॅसेटर यांनी १९८७ च्या निबंधात मांडले. त्यांच्या १९८६ च्या ‘लक्सो ज्युनियर’ या लघुपटातील टेबललॅम्पला डोळे-तोंड नाही, तरी छोटा दिवा अवखळ मूल वाटतो.

पात्र हलवण्यासाठी जाळीच्या आत हाडांचा सांगाडा बसवतात आणि कोणते हाड कोणत्या बिंदूंना किती ओढेल हे ठरवतात. हे किचकट काम सुरुवातीला टाळून तयार सांगाड्याचे पात्र घेणे शहाणपणाचे. शेवटी पोत, दिवे आणि कॅमेरा मांडून रेंडरिंग करतात, म्हणजे संगणकाकडून प्रत्येक फ्रेमचे अंतिम चित्र काढून घेतात. एका फ्रेमला ५ मिनिटे लागली, तर १० सेकंदांच्या दृश्याला २० तास जातात. म्हणून हालचाल आधी करड्या, बिनपोताच्या मॉडेलवरच तपासावी.

फ्रेमागणिक वस्तू हलवण्याची कल्पना मात्र संगणकाच्या फार आधीची आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात आगकाड्या अशाच चालवल्या होत्या.

घरी शिकणाऱ्यांसाठी ब्लेंडर ही मोफत प्रणाली सर्वांत सोयीची. नेदरलँड्सच्या टॉन रोझेनडाल यांची ही निर्मिती. तिची कंपनी बंद पडल्यावर २००२ साली लोकवर्गणीतून १ लाख युरो उभे राहिले आणि ती सर्वांसाठी खुली झाली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातही ब्लेंडरवरचे पाठ आहेत. याच प्रणालीत तयार झालेल्या लाटव्हियन दिग्दर्शकाच्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ साली सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.