बालाघाटावरची मजल

नांदेडहून लोह्याच्या वाटेने सायकलवर निघालेल्या माणसाला आपण डोंगर चढत आहोत, ही गोष्ट पहिले काही कोस डोळ्यांना दिसत नाही. ती प्रथम पोटऱ्यांना कळते. गोदातीरीचे नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे 360 मीटर उंचीवर वसले आहे, तर बालाघाटाच्या पाठीवरची लातूर आणि उदगीर ही गावे 630 मीटरांच्या आसपास आहेत. आणि या दोहोंमधला पावणेतीनशे मीटरांचा चढ सह्याद्रीच्या घाटाप्रमाणे एकाच कड्याशी उभा न राहता माळ, ओढा, पुन्हा माळ, पुन्हा ओढा अशा असंख्य लहान चढउतारांत विखुरलेला आहे. मोटारीत बसलेल्यास हा मुलूख सपाट वाटतो. सायकलवाल्याला मात्र त्याची प्रत्येक सुरकुती ठाऊक असते. या भूभागाचा इतिहास ज्या गतीने घडला त्या गतीला सर्वांत निकट असे आपल्या काळातले वाहन सायकल हेच होय, आणि तिच्यावरून या वाटा तुडवणाऱ्या दोन-तीन पिढ्यांचे मार्गज्ञान हे आपल्या दप्तरखान्यात कधीच दाखल न झालेले एक मोलाचे दप्तर होय, अशी माझी श्रद्धा आहे. तिच्यापोटीच हा लेखनप्रपंच.

‘मजल’ हा शब्द आता मजल मारणे किंवा मजल दरमजल करणे एवढ्यापुरताच बोलण्यात उरला आहे. फौज, काफिला किंवा धान्य-मीठ लादलेल्या बैलांचा लमाणी तांडा एका दिवसात जेवढे अंतर कापून पाण्याच्या ठिकाणी मुक्काम करी, तेवढी ती मजल. कंधार, मुखेड, जळकोट, उदगीर, औसा हे कसबे नकाशावर पाहिले म्हणजे ते वाटेल तसे विखुरलेले दिसतात. परंतु ते प्रत्यक्ष चालून किंवा पायडल मारून गाठले म्हणजे मन्याड, लेंडी, तिरू, तावरजा, तेरणा, मांजरा या पाण्यांशी त्यांचे असलेले नाते आणि एकमेकांपासून राखलेले अंतर यांचा अर्थ उलगडू लागतो. बैलाच्या दमाला आणि घोड्याच्या चंदीला बांधलेली ही अंतरे होती. बैलाची एक मजल म्हणजे सायकलवाल्याची साधारण दोन-तीन तासांची वाट. त्यामुळे जुन्या काळचा दोन-चार दिवसांचा प्रवास त्याच्या एका दिवसात मावतो, आणि तरीही मधली एकही विहीर, एकही वेस, एकही पडकी गढी त्याच्या नजरेतून निसटत नाही.

पहिली मजल कंधारची. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर असे अभ्यासक मानतात. त्याच कुळातील तिसऱ्या कृष्णाचे नाव दहाव्या शतकातील कंधारशी जडलेले आहे. किल्ल्याचा पाण्याने भरलेला खंदक, गावालगतचा जगत्तुंग सागर, आणि परिसरात सापडलेले क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवयव पाहताना, एवढी मोठी शिळा या चढउताराच्या वाटांवरून कोणी व कशी ओढत आणली असेल हा प्रश्न, नुकताच तोच चढ सायकल ढकलीत चढून आलेल्या माणसाला जितका तीव्रतेने पडतो, तितका गाडीतून उतरलेल्यास पडत नाही. पुढे मुखेडास दशरथेश्वराचे चालुक्य परंपरेतील शिल्पसमृद्ध मंदिर, देगलूरच्या अंगाला होट्टलची मंदिरे. आणि एकेका मुक्कामागणिक बोलीचाही रंग पालटत जातो. देगलूरच्या बाजारात मराठीबरोबर तेलुगू ऐकू येते, तर उदगीर-देवणीच्या गुरांच्या बाजारात कानडी. देवणी आणि लाल कंधारी या दोन नामांकित गोवंशांची नावेही देवणी व कंधार याच ठिकाणांवरून पडली आहेत. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात मोडत होते, हे ज्याने पुस्तकात वाचले नाही त्यालाही ते त्या बाजारात उभे राहिल्यावर समजावे.

उदगीरहून औशाकडे जाणारी वाट तर एका मोठ्या प्रसंगाची साक्षीदार आहे. 1760 च्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने निजामाच्या फौजेचा याच मुलखात पाठलाग केला. धारूरचा आश्रय गाठण्याच्या उद्देशाने औशाच्या मार्गाने मजल दरमजल सरकणाऱ्या निजामी सैन्याला मराठ्यांनी घेरले, मराठ्यांच्या तोफखान्यावरील इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी त्याची फळी खिळखिळी केली, आणि 3 फेब्रुवारीच्या लढाईनंतर निजामाला मोठा मुलूख तोडून द्यावा लागला. हीच विजयी सेना, हेच सेनापती, हाच गारदी पुढच्या जानेवारीत पानिपतावर होते. पुस्तकात हा परिच्छेद पाच ओळींत संपतो. पण उघड्या माळावर, जेथे कोसभर अंतरावरचा स्वारही लपू शकत नाही आणि पाण्यासाठी प्रत्येक वेळी खोऱ्यात उतरावेच लागते, अशा वाटेने सायकलवरून जाताना तोफांचे गाडे ओढणाऱ्या बैलांचे हाल आणि रोज थोडेथोडे अंतरच कापू शकणाऱ्या सैन्याची कोंडी आपल्या छातीच्या भात्याला कळते.

सायकल या प्रदेशात आली ती रेल्वेच्या मागोमाग. मनमाड ते सिकंदराबाद ही मीटरगेज गाडी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर नांदेडला आली. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी 1911 मध्ये लातूरपर्यंत पोचली. 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेखात्याने 27 मोटारींनिशी संस्थानात प्रवासी वाहतूक सुरू केली. परंतु रूळ आणि हमरस्ता यांच्या मधला जो विस्तीर्ण डोंगरी पोट-मुलूख, तेथे बैलगाडी, घोडे आणि पाय हीच साधने होती. ज्या राज्यात नाणे हाली सिक्क्याचे, सरहद्दीवर करोडगिरीचे नाके आणि जिल्ह्याचा अंमल अव्वल तालुकदाराकडे, त्या राज्यात रॅले, हंबर, बी. एस. ए., हर्क्युलिस या विलायती सायकली प्रथम वकील-डॉक्टरांच्या ओसरीवर टेकल्या. स्वातंत्र्यानंतर सोनीपतच्या अॅटलसने 1951 मध्ये आणि लुधियानाच्या हीरोने 1956 मध्ये कारखानदारी आरंभली, तेव्हा सायकल हळूहळू गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, टपालवाला, दूधवाला यांच्या आवाक्यात आली. लग्नाच्या याद्यांत घड्याळ आणि रेडिओ यांच्या शेजारी जाऊन बसली. आणि नगरपालिकेच्या पत्र्याच्या बिल्ल्यासह तिला सरकारदरबारी मान्यताही मिळाली.

आमचे वडील त्या पिढीतले. मुखेड-जळकोटच्या बाजूला ते प्राथमिक शिक्षक होते, आणि त्यांची काळी, अठ्ठावीस इंची चाकांची, दांडीच्या ब्रेकची सायकल आम्हा भावंडांना घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यासारखी वाटे. तिच्या दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारीत मी सायकल शिकलो. हँडलला भाकरी-ठेच्याचे फडके, कॅरियरला वह्यांचा गठ्ठा, दप्तरात फिरकीचा तांब्या, आणि सीटमागच्या चामडी पिशवीत पाना, सोल्युशनची नळी, जुन्या ट्यूबचे चार तुकडे व व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा, एवढा त्यांचा सरंजाम असे.

बाभळीचा काटा हा या मुलखातील सायकलचा खरा वैरी. हवा बसली की बाबा एखाद्या लिंबाच्या सावलीत सायकल उलटी करीत, टायरची एक कड सोडवून ट्यूब बाहेर ओढीत, ओढ्याच्या पाण्यात ती बोट-बोट दाबून बुडवीत, आणि बुडबुडा दिसला की त्या जागी कॉपिंग पेन्सिलीने फुली करीत. परंतु ठिगळ लावण्याआधी ते टायरच्या आतून अनामिका अगदी सावकाश फिरवीत. काटा बाहेरून दिसत नाही, आतून टोचतो. तो काढल्यावाचून ठिगळ लावणे म्हणजे दोन कोसांवर पुन्हा थांबणे, असे ते म्हणत. पावसाळ्यात वैर मातीशी असे. काळ्या रानातली गाडीवाट भिजली म्हणजे चिखल मडगार्ड आणि टायर यांच्या मध्ये असा गच्च बसे की चाकच फिरेना. मग तुरीच्या काटकीने तो खरवडायचा, दहा पावले जायचे, पुन्हा खरवडायचा, आणि शेवटी सायकल खांद्यावर घेऊन शाळा गाठायची. माळ चढून तांबडी, मुरमाड जमीन लागली की चाक मोकळे होई. मातीचा रंग पाहून पुढच्या अर्ध्या तासाची वाट सांगता येणे, ही विद्या त्यांनी अशी खांद्यावर ओझे वाहून मिळवलेली होती.

जळकोटपासून उदगीरपर्यंतचा मार्ग ते जमाबंदीच्या पत्रकासारखा मुखोद्गत सांगत: कोणत्या ओढ्याला मार्गशीर्षानंतर पाणी नसते, कोणता चढ बसून निघतो आणि कोणता उतरून ढकलावाच लागतो, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेच्या दिवसांत कोणती वाट घोड्यांनी आणि जनावरांनी भरून वाहते, कोणत्या गढीच्या भिंतीत जुन्या देवळाची कोरीव शिळा उलटी बसवली आहे. त्यांनी यातले काहीही लिहून ठेवले नाही, आणि आम्ही त्यांना बसवून कधी लिहून घेतले नाही. ते गेले तेव्हा घरातले एक माणूस गेले, एवढेच आम्हाला त्या वेळी कळले.

हा चटका मनात असतानाच इटलीतील सायकलवाल्यांची हकीकत माझ्या वाचनात आली. तो देशही असाच डोंगरमाथ्यांवरच्या तटबंद गावांचा, आणि प्रत्येक खोऱ्यागणिक बोली बदलणारा. 1894 मध्ये मिलान येथे 57 सायकलस्वारांनी एकत्र येऊन एक सायकलप्रवासी मंडळ स्थापन केले, तेच पुढे ‘टुरिंग क्लब इटालियानो’ या नावाने प्रसिद्धीस आले. नुकत्याच एकत्र झालेल्या देशाचे रस्ते देशालाच अपरिचित होते. या मंडळींनी वाटांवर दिशादर्शक फलक उभारले, बेर्तारेल्लीसारख्या संस्थापकाच्या पुढाकाराने नकाशे आणि मार्गदर्शिका छापल्या, आणि सायकलवाल्याच्या वैयक्तिक अनुभवाला राष्ट्राच्या सामायिक संपत्तीचे रूप दिले. मुंबईचे जे सहा पारशी तरुण 1923 च्या ऑक्टोबरात सायकलींवरून जगप्रदक्षिणेस निघाले आणि ज्यांच्यापैकी तिघे 1928 मध्ये ती पुरी करून परतले, त्यांच्या चाकांखालीही इटलीचे रस्ते गेले होते. पुढे 1997 मध्ये तोस्काना प्रांतातल्या गायोले या गावी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. तिच्यामागे तेथील पांढऱ्या खडीच्या कच्च्या वाटा डांबराखाली नामशेष होऊ नयेत, हा हेतू होता. ज्यांनी आधी वाटा नोंदवल्या, त्यांच्या वंशजांनाच पुढे त्या जपण्याची बुद्धी झाली, यात मला एक नैसर्गिक क्रम दिसतो.

आमच्याकडे पहिली पायरीच राहून गेली. म्हणून एका हिवाळ्यात एका स्नेह्यासह मी तीच वाट सायकलवरून पुन्हा केली: कंधार, मुखेड, जळकोट, उदगीर, लातूर, औसा, आणि तेथून निलंग्याच्या अंगाला खरोशाची लेणी. सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराची ही लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत; अजिंठा-वेरूळच्या काळ्या पाषाणाचे काठिण्य या दगडाला नाही, म्हणून रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या कडा काळाने मऊ केल्या आहेत. संध्याकाळी पायरीवर टेकून मी चाक पुसू लागलो, तेव्हा रिमवर दिवसभर बसलेली तांबडी धूळ आणि शिल्पांच्या गुडघ्यांवरून झडून उंबऱ्याशी साचलेली भुकटी एकाच रंगाची, एकाच दगडाची असल्याचे मला दिसले. बाबा सांगत ती माळावरची, चाक मोकळे करणारी माती हीच.

त्या रात्री मुक्कामी मी एक वही उघडली आणि केलेली वाट तीत नोंदवू लागलो. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील प्रत्येक शाळेने आपल्या गावापासून शेजारच्या गावापर्यंतची वाट अशीच नोंदवावी, जुन्या सायकलवाल्यांना बसवून विचारून लिहून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण ज्यांच्या पायांत हे ज्ञान आहे ते आता ऐंशीच्या घरात आहेत. नमुन्यादाखल माझ्या वहीतील पहिली नोंद येथे देतो.

‘मजल पहिली, कंधार ते मुखेड. निघण्याची वेळ पहाटेची, ऊन चढण्यापूर्वी मन्याडचे खोरे मागे टाकावे. जमीन आधी काळी, मग माथ्यावर मुरमाड. बाभळी दुतर्फा; टायर रोज संध्याकाळी आतून बोटाने तपासावे. मुखेडास दशरथेश्वराचे दर्शन घ्यावे आणि बाहेरच्या भिंतीवरील मूर्ती उतरत्या उन्हात पाहाव्यात. माहिती देणार: या वाटेने शाळेला जाणारे एक गुरुजी. लिहून घेणार: त्यांचा मुलगा, उशिरा.’