काळ्या स्क्रीनचा इतिहास

मुंबई-ठाण्यात कुणी ऑनलाइन ग्राफिक्स कार्ड मागवलं की तो खोका बऱ्याचदा भिवंडीच्या गोदामातून निघतो. घरी कार्ड बसवलं, उबुंटू सुरू केलं आणि स्क्रीन काळी! लगेच परत पाठवू नका. कार्ड बहुधा ठीक आहे, भांडण जुनं आहे.

भिवंडीत यंत्रमाग अडला की जॉबर तो उघडतो, कुठल्या चाकाचा दात झिजलाय ते बघतो. लिनक्सवाल्यांना कार्डाबाबतीतही तेवढंच हवं होतं. एनव्हिडियाने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला खरा, पण कुलूपबंद. मग काही प्रोग्रामर मंडळींनी कार्डाला काय काय आज्ञा जातात ते निरखून स्वतःचाच ड्रायव्हर लिहिला. नाव 'नूव्हो'. २०१० मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये आला. एएमडीने मात्र २००७ मध्येच आपल्या कार्डांची माहिती खुली करायचं जाहीर केलं होतं. त्यांची कार्डं आज फारशी कुरकुर न करता चालतात, ती त्यामुळेच.

२०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्सने कॅमेऱ्यासमोर एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. मीममध्ये पाहिलं असेल तुम्ही. पण बोटाने कुलूप उघडत नाही. जीटीएक्स ९०० मालिकेपासून ते उलट घट्टच झालं. कंपनीची सही असलेल्या फर्मवेअरशिवाय नूव्होला कार्ड पूर्ण वेगाने पळवताच येईना.

मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. माझ्या मते अर्धवटच, कारण बरीचशी गुपितं कार्डावरच्या फर्मवेअरमध्ये सरकली.

आता तुमची काळी स्क्रीन. नव्या कार्डाशी नूव्होचं जमलं नाही की ती येते. ग्रबच्या यादीत 'ई' दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' लिहा, एफ१० दाबा. स्क्रीन आली की ड्रायव्हर उबुंटूच्या 'ॲडिशनल ड्रायव्हर्स'मधूनच घ्या. वेबसाइटवरून उतरवलेला बरेचदा पुढच्या कर्नल अपडेटला रुसतो. सिक्युअर बूट चालू असेल तर रीस्टार्टला निळी स्क्रीन येईल. घाबरून पुढे जाऊ नका, 'एनरोल एमओके' निवडा आणि आधी ठरवलेला पासवर्ड द्या, नाहीतर ड्रायव्हर लोडच होणार नाही.

यादीत 'ओपन' लिहिलेलाही दिसेल. आरटीएक्स ५० मालिकेला फक्त तोच चालतो. सेकंडहँड जीटीएक्स १० मालिकेचं कार्ड घेतलं असेल तर तो अजिबात चालत नाही. तिथे जुना कुलूपबंदच लागतो, आणि त्याचीही ५८० ही शेवटची शाखा.