अ‍ॅलोक्झान ते जीवनसत्त्वाची गोळी : मधुमेहातील ऑक्सिडीकरणाच्या विचाराचा इतिहास

ग्लासगो येथील विकृतिशास्त्रज्ञ जॉन शॉ डन आणि त्यांचे सहकारी शीहान व मॅक्लेची यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सशांना अ‍ॅलोक्झान हे रसायन टोचले, तेव्हा मधुमेह हा त्यांच्या अभ्यासाचा विषय नव्हता. हवाई हल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चेंगरलेली माणसे सुटकेनंतर काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावत असत, आणि त्यामागील विषाचा माग काढताना यूरिक अम्लाशी संबंधित संयुगे तपासली जात होती. १९४३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात मात्र वेगळीच गोष्ट नोंदली गेली : स्वादुपिंडातील लँगरहान्सच्या द्वीपकांमधील, म्हणजे इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशीसमूहांमधील, पेशी मृत झाल्या होत्या.

अ‍ॅलोक्झानच्या परिणामांचा क्रम पुढे बारकाईने पाहिला गेला. रक्तातील साखर प्रथम काही काळ वाढते. मग मरणाऱ्या पेशींतील साठलेले इन्सुलिन एकदम बाहेर पडल्याने ती इतकी उतरते की प्राण्याला झटके येऊन तो मरू शकतो. आणि त्यातून तो वाचलाच, तर एक-दोन दिवसांत कायमचा मधुमेह जडतो. १९४६ साली अर्नोल्ड लाझारो यांनी उंदरांना अ‍ॅलोक्झानच्या आधी ग्लुटाथायोन किंवा सिस्टीन ही गंधकयुक्त द्रव्ये दिली, तेव्हा त्यांना हा मधुमेह होत नसल्याचे आढळले. अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडीकरणाने होणारी हानी रोखणारे द्रव्य, मधुमेहापासून संरक्षण देऊ शकते, याचा हा फार जुना पुरावा होय; तथापि त्याचा पूर्ण अर्थ लावण्याइतके रसायनशास्त्र तेव्हा हाती नव्हते.

ते हाती येण्यास आणखी दोन दशके लागली. १९५४ साली रेबेका गेर्शमान यांनी प्राणवायूचे विषारीपण आणि क्ष-किरणांची इजा या दोहोंच्या मुळाशी मुक्त मूलक, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे अतिक्रियाशील कण, असल्याचे प्रतिपादन केले. आणि १९६९ साली ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड व फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड या मूलकाला निष्प्रभ करणारे विकर ओळखल्यावर हे मूलक सजीव पेशीत सतत निर्माण होतात ही कल्पना दृढ झाली. अ‍ॅलोक्झान पेशीत शिरल्यावर पुन्हा पुन्हा इलेक्ट्रॉन घेतो व सोडतो आणि त्या फेऱ्यांत हेच मूलक निर्माण करतो, तर द्वीपकांतील इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींत त्यांना आवरणारी विकरे फारच थोडी असतात, असा उलगडा त्यानंतर झाला. मूलकांची निर्मिती संरक्षणापेक्षा वरचढ ठरण्याच्या या स्थितीला हेल्मुट सीस यांनी १९८५ साली ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ या संज्ञेची चौकट दिली.

मायकल ब्राउनली यांनी २००१ साली मांडलेल्या उपपत्तीने विचाराचा रोख रोगाच्या कारणाकडून त्याच्या गुंतागुंतींकडे वळवला. दृष्टिपटल, मूत्रपिंड व मज्जातंतू येथील काही पेशींना रक्तातील वाढलेली साखर आत येण्यापासून अडवता येत नाही. मग तंतुकणिकांवर, म्हणजे पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या केंद्रांवर, अतिरिक्त भार पडून सुपरऑक्साइड वाढते आणि त्यातून हानीचे निरनिराळे मार्ग एकाच वेळी खुले होतात, अशी ही मांडणी होती. तिची सुसंगती आजही प्रभावित करते.

तिच्यावरून जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा पुरस्कार करणे मात्र घाईचे होते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या, अनेक मधुमेहींसह ९,५४१ रुग्णांपैकी निम्म्यांना सुमारे साडेचार वर्षे ई जीवनसत्त्व देऊनही हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा हृदयविकाराने होणारे मृत्यू घटले नाहीत. ब्राउनली यांनी दिलेले कारण पटण्यासारखे आहे : असे जीवनसत्त्व एका मूलकाला एकदाच शमवते, तर साखर चढलेली असेपर्यंत मूलकांची निर्मिती थांबतच नाही.

त्याहून खोल शंका २००९ साली मिखाएल रिस्टो यांच्या प्रयोगाने उपस्थित केली. चार आठवडे व्यायाम करणाऱ्या निरोगी तरुणांपैकी ज्यांनी सी व ई जीवनसत्त्वे घेतली नाहीत, त्यांच्यात इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला आणि मूलकांना आवरणाऱ्या विकरांची जनुकेही अधिक कार्यरत झाली. गोळ्या घेणाऱ्यांत मात्र हा लाभ दिसला नाही, कारण व्यायामाच्या वेळी स्नायूंत निर्माण होणारे मूलकच शरीराला ही विकरे वाढवण्याचा संकेत देत असावेत, असा निष्कर्ष त्यातून काढण्यात आला.