महिला मेळाव्यांतील व्याख्याती : अर्धवेळ सेवा, तिचे अधिकार आणि मर्यादा

८ मार्चचा जागतिक महिला दिन, प्रायश्चित्तकाळातील एकदिवसीय साधना, मातांचा मेळावा, ८ सप्टेंबरचा पवित्र मरियेचा जन्मोत्सव व त्याच दिवशी भारतीय ख्रिस्तसभेत पाळला जाणारा कन्या दिन, अशा निमित्तांनी आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळे वर्षभर कार्यक्रम आखत असतात. प्रत्येक कार्यक्रमपत्रिकेत ‘प्रमुख वक्त्या’ ही ओळ ठरलेली असते. पूर्वी तेथे बहुधा धर्मगुरूंचे वा धर्मभगिनींचे नाव असे. आता शिक्षिका, परिचारिका, वकील, समुपदेशक अशा प्रापंचिक भगिनींची नावेही तेथे दिसू लागली आहेत. आपली नोकरी व संसार सांभाळून शनिवार-रविवारी या धर्मग्रामातून त्या धर्मग्रामात जाणाऱ्या या भगिनींचे काम हौसेचे मानावे की सेवेचे, त्यांना मानधन द्यावे की नाही, त्यांनी कोठे बोलावे व कोठे बोलू नये, याविषयी बरेच गैरसमज आढळतात. त्यांतील काहींचे निरसन व्हावे म्हणून आम्ही ही माहिती येथे एकत्र देत आहोत.

स्त्रीने श्रद्धावंतांपुढे उभे राहून बोलणे ही आजकालची टूम आहे, असे म्हणणाऱ्यांनी शुभवर्तमानच उघडून पाहावे. विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी स्त्रीने आपल्या गावाला त्याची वार्ता सांगितली. पुनरुत्थानाचा निरोप प्रेषितांपर्यंत नेण्याचे काम प्रभूने मरिया माग्दालेनाकडे सोपविले. २०१६ साली पोप फ्रान्सिस ह्यांच्या इच्छेनुसार २२ जुलै ह्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा देण्यात आला. प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात प्रिस्किल्ला आणि तिचा पती अक्विला हे दोघे अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला अधिक नेमके शिक्षण देतात. सिएनाची संत कॅथरिन (१३४७-१३८०) मठातील धर्मभगिनी नव्हती. दोमिनिकन परिवाराचे व्रत घेऊन ती आपल्या घरीच राहत असे. तरीही १३७६ मध्ये तिने आविन्योला जाऊन पोप अकरावे ग्रेगरी ह्यांना रोमला परतण्याची विनंती केली. १९७० साली पोप सहावे पॉल ह्यांनी आविलाची संत तेरेजा व संत कॅथरिन ह्यांना ख्रिस्तसभेच्या धर्मपंडित म्हणून घोषित केले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्रिया होत.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पंडिता रमाबाईंचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्या कॅथोलिक नव्हत्या, हे खरे. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन पंथात. परंतु १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण मिळावे अशी मागणी करणाऱ्या आणि १८८९ च्या मुंबईतील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनात सहभागी झालेल्या ह्या स्त्रीने मराठी सभांमध्ये स्त्रीच्या वक्तृत्वाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा लाभ आज आपल्या भगिनींनाही होत आहे.

धर्मसभेचे नियम काय सांगतात?

२७ नोव्हेंबर १९८३ पासून लागू झालेल्या कॅनन कायद्याच्या ७६६ व्या कलमानुसार प्रापंचिक व्यक्तीला, मग ती स्त्री असो वा पुरुष, गरजेनुसार किंवा विशिष्ट प्रसंगी उपयुक्त वाटल्यास, बिशप परिषदेच्या नियमांस अनुसरून चर्चमध्ये प्रबोधन करण्याची परवानगी देता येते. मात्र ७६७ व्या कलमाने मिस्सातील प्रवचन धर्मगुरू आणि उपगुरू ह्यांच्यासाठी राखून ठेवले आहे. १९९७ च्या आणि २००४ च्या व्हॅटिकन निर्देशांत हीच गोष्ट पुन्हा बजावण्यात आली. त्यामुळे महिला दिनाच्या मिस्सात ‘आज प्रवचन आपल्या बाई करतील’ अशी घोषणा होते, तेव्हा हेतू चांगला असला तरी ते नियमाला धरून नसते. २००४ च्या निर्देशात मार्गही सांगितला आहे. प्रापंचिक व्यक्तीचे मार्गदर्शन वा साक्ष शक्यतो मिस्साबाहेर व्हावी. तसेच गंभीर कारण असल्यास ती ख्रिस्तप्रसादानंतरच्या प्रार्थनेनंतर देता येते.

आमच्या मते व्याख्यान मिस्सा संपल्यावर सभागृहात ठेवणे हेच सर्वांत सोयीचे. तेथे वेळेचे बंधन कमी असते, प्रश्न विचारता येतात आणि चहा घेता घेता मनातले बोलताही येते. वेदीजवळ मिळणारी दहा मिनिटे मानाची खरी. पण हुंडा, दारू किंवा जमिनीची वाटणी असे विषय त्या दहा मिनिटांत मावत नाहीत.

वक्त्यांच्या मानधनाविषयी २३१ वे कलम लक्षात ठेवण्याजोगे आहे. जे प्रापंचिक कायमस्वरूपी किंवा काही काळापुरते ख्रिस्तसभेच्या विशेष सेवेला वाहून घेतात, त्यांनी त्यासाठी आवश्यक ते प्रशिक्षण घ्यावे असे हे कलम म्हणते आणि त्यांना त्यांच्या स्थितीला साजेसा मोबदला मिळण्याचा हक्कही मान्य करते. वर्षातून एखादे व्याख्यान देणाऱ्या भगिनीला हे कलम शब्दशः लागू करता येईल असे नाही. पण ज्या भगिनी महिन्यातून तीन-चार रविवार ह्या कामात घालवितात, त्यांच्या बाबतीत त्यातील न्यायबुद्धी विसरून चालणार नाही. भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २००८ साली जमशेदपूर येथील सर्वसाधारण सभेत स्त्रियांच्या सक्षमीकरणाचा विषय घेतला आणि २०१० साली आपले लिंगसमभाव धोरणही जाहीर केले. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देऊन वक्त्या भगिनीला रिक्षाच्या रांगेत उभे करणे, हे त्या धोरणाशी सुसंगत आहे काय, याचा विचार प्रत्येक मंडळाने करावा.

विषयाची तयारी : एक उदाहरण

प्रार्थना, कुटुंबजीवन, मुलांचे संगोपन, आरोग्य हे नेहमीचे विषय आहेत आणि त्यांवर बोलणाऱ्या भगिनी पुष्कळ मिळतात. जेथे चुकीची माहिती दिल्याने ऐकणारीचे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकते, असा विषय म्हणजे कायदा. त्यातही मालमत्तेचा वारसा. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

महिला मेळाव्यांत ‘२००५ च्या दुरुस्तीने मुलींना समान वाटा मिळाला’ असे वाक्य अनेकदा ऐकू येते. ती दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यातील आहे. ख्रिस्ती कुटुंबांना ती लागू होत नाही. महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा व मुलगी असा भेद मुळातच नाही. मृत्युपत्र न करता पती वारला आणि मागे मुले असतील, तर एक-तृतीयांश हिस्सा विधवेचा आणि उरलेला दोन-तृतीयांश सर्व मुलामुलींत समान वाटला जातो. विवाहित मुलगी असल्याने तिचा वाटा कमी होत नाही. केरळच्या मेरी रॉय ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली दिलेला निकालही बहुतेक वेळा अर्धवट सांगितला जातो. त्रावणकोरच्या १९१६ च्या जुन्या कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याच्या एक-चतुर्थांश किंवा पाच हजार रुपये, यांपैकी जे कमी असेल ते मिळत असे. तो कायदा संपुष्टात आला असून तेथेही १९२५ चाच कायदा चालतो, असे न्यायालयाने ठरविले. वसईच्या किंवा नाशिकच्या मुलीला आपला हक्क त्या निकालाने मिळालेला नाही. तो आधीपासूनच होता. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता असल्याने तेथील व्यवस्था निराळी आहे.

मग हक्क असूनही बहिणींच्या हाती काही का येत नाही? कारण बहुधा हक्कसोडपत्र हे असते. वडिलांच्या निधनानंतर ‘सही कर, माहेर तुटायला नको’ असे सांगितले जाते आणि बहीण निमूटपणे निबंधक कार्यालयात जाते. वक्त्या भगिनीने तिला भावाविरुद्ध उभे करण्याचे कारण नाही. बहिणीने समजूनउमजून, राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. पण सही करण्यापूर्वी कागद वाचून घ्यावा, एकदा नोंदणी झाल्यावर तो सहजासहजी रद्द होत नाही, आणि सातबारावर नाव नसले म्हणून वारसाहक्क बुडत नाही, एवढे तिला कळले पाहिजे. मृत्युपत्राविषयीही एक गोष्ट सांगावी. ख्रिस्ती व्यक्तीला आपली सर्व मालमत्ता मृत्युपत्राने हवी त्याला देता येते. त्यावर किमान दोन साक्षीदार लागतात. आणि साक्षीदाराला किंवा त्याच्या पतीला वा पत्नीला त्याच मृत्युपत्राने काही दिले असेल, तर ते देणे निरर्थक ठरते. घरातल्याच माणसाची साक्षीदार म्हणून सही घेतल्याने आईची इच्छा वाया जाऊ शकते, हे किती जणींना ठाऊक असते?

श्रोत्या कोण आहेत हेही पाहावे. वसईत जमिनीचा भाव हा घरोघरीचा विषय. श्रीरामपूर-राहात्याकडील अनेक भगिनींच्या नावावर जमीनच नसते, त्या दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करतात. तेथे वारसाहक्कापेक्षा शासकीय योजनांचे प्रश्न विचारले जातात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा हिंदू, शीख व बौद्ध धर्मीयांपुरता असून दलित ख्रिस्ती बांधव त्याबाहेर आहेत. हे न समजून घेता टाळ्यांसाठी सवलतींची आश्वासने देणाऱ्या वक्त्या त्या भगिनींना तालुक्याच्या कचेरीतून रिकाम्या हाताने परत पाठवितात. भाषेचेही तसेच आहे. सामवेदी किंवा वाडवळी बोलणाऱ्या आजीबाईंपुढे पुस्तकी मराठीत बोलले तर त्या मान डोलावतात. पण प्रश्न विचारीत नाहीत. दोन वाक्ये त्यांच्या बोलीतली आली की सभागृहाचा रंगच पालटतो.

व्याख्यानानंतर थांबणारी भगिनी

अनुभवी वक्त्यांना ठाऊक असते की कार्यक्रमाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आभारप्रदर्शनानंतर सुरू होतो. सगळ्या निघून गेल्यावर एखादी भगिनी मागे रेंगाळते आणि हळूच म्हणते, “बाई, जरा बोलायचं होतं.” घरातील मारहाण, पतीचे व्यसन, मुलीवर झालेला अत्याचार, असे काहीही त्यातून निघू शकते. वक्त्या भगिनीला ह्या क्षणाची तयारी नसेल, तर तिने कितीही सुंदर भाषण केले तरी ते अपुरे आहे, असे आम्हास वाटते.

पहिली गोष्ट, ‘सोसून घे, तुझा क्रूस समज’ असा सल्ला देऊ नये. क्रूस हा मार खात राहण्याचा आदेश नव्हे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे आणि त्यानुसार संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक वक्त्याच्या वहीत असावेत. दुसरी गोष्ट गुप्ततेची. प्रायश्चित्त संस्काराची मुद्रा धर्मगुरूंना बांधते. व्याख्यातीला तसे संरक्षण नाही. अठरा वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे समजल्यास २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि न कळविणे हा गुन्हा आहे. आरोप चर्चमधील कोणावर असला तरी त्यात फरक पडत नाही. म्हणून ‘मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन ऐकण्याआधीच देऊन टाकू नये. सांगणारी प्रौढ असेल, तर मात्र तिच्या संमतीशिवाय तिची गोष्ट पुढील मेळाव्यात ‘उदाहरण’ म्हणून वापरणे हा सरळ विश्वासघात होय; नाव बदलले तरी शेजारच्या धर्मग्रामात माणूस ओळखले जातेच.

विवाहाविषयी विचारणा झाल्यास दोन गोष्टींची गल्लत करू नये. नागरी न्यायालयातील घटस्फोटाने ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाह संपत नाही. त्यासाठी धर्मप्रांतीय न्यायासनाकडे जावे लागते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली केलेल्या सुधारणेनंतर विवाह रद्दबातल ठरविण्यासाठी दोन एकसमान निकालांची अट राहिलेली नाही. उलट, १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ साली दुरुस्ती होईपर्यंत ख्रिस्ती पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागता येत नव्हता, आता येतो. याहून खोलात शिरायचे असेल तर वकिलाचे आणि न्यायासनाचे नाव सुचवावे आणि आपण तेथेच थांबावे.

आमंत्रणाविषयी थोडेसे

महिला मंडळाने किमान महिनाभर आधी लेखी पत्र पाठवावे. त्यात विषय, वेळ, श्रोत्यांची अंदाजे संख्या, वयोगट आणि मानधन ह्यांचा उल्लेख असावा. प्रवासखर्च मानधनात धरू नये. तो वेगळा द्यावा. धर्मभगिनीला दिलेले पाकीट तिच्या संघाकडे जाते आणि तिच्या चरितार्थाची काळजी संघ घेतो. प्रापंचिक भगिनीचे तसे नाही, तिने त्या दिवशी शिकवणीचा वर्ग सोडलेला असतो किंवा पगारी रजा घेतलेली असते. पुढच्या कार्यक्रमाला नकार देणे तिला जड जाते म्हणून ती येत राहते, हे मंडळांनी ओळखावे. मानधन नको असेल तर ते तिनेच सांगावे. मंडळाने गृहीत धरू नये.

वक्त्यांनीही पैशाची नोंद ठेवावी. मानधन हे उत्पन्न असून ते विवरणपत्रात दाखवावे लागते. अनुदानित शाळेतील वा शासकीय सेवेतील भगिनींनी पगाराबाहेरील उत्पन्नाबाबत आपल्या सेवानियमांची खात्री मुख्याध्यापकांकडून किंवा कार्यालयप्रमुखांकडून आधीच करून घ्यावी व परवानगी लागत असल्यास ती लेखी घ्यावी. परक्या धर्मप्रांतात बोलावणे आल्यास तेथील धर्मगुरूंना आपल्या धर्मग्रामातून एक ओळखपत्र नेऊन द्यावे. ध्वनिक्षेपक, फळा आणि प्रश्न लिहून टाकण्यासाठी एक बंद पेटी, एवढे सामान सभागृहात आहे ना, हे आदल्या दिवशी दूरध्वनीवर विचारून घ्यावे. नाव न लिहिता पेटीत टाकलेल्या चिठ्ठ्यांतून जे प्रश्न येतात, ते हात वर करून कोणीच विचारीत नाही.