अनध्याय आणि मरीचा ऋतू

आपल्याकडील विद्याभ्यासाच्या प्राचीन व्यवस्थेत सुट्टी पंचांगातून जशी येत असे, तशीच ती प्रसंगातूनही येत असे. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे ठरलेले अनध्याय तर होतेच. परंतु मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात अनध्यायांची जी दीर्घ गणना आली आहे, तिच्यात अवेळची मेघगर्जना, धुळीचे वादळ, गावावर आलेली चोरांची धाड, लागलेली आग आणि गावातून अद्याप न हललेले प्रेत ही कारणेही तितक्याच गांभीर्याने नोंदलेली आहेत. गावावर संकट असता पाठ थांबावा आणि ते टळल्यावर पुन्हा सुरू व्हावा, हे त्या व्यवस्थेने इतके स्वाभाविक मानले होते की त्यासाठी कोणाच्या हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नव्हते. या व्यवस्थेत समाजाच्या फार मोठ्या भागाला विद्येचे दारच बंद होते, ही गोष्ट मात्र तिची थोरवी सांगताना क्षणभरही विसरता येत नाही.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात १८५५ साली शिक्षणखाते उभे राहिले आणि शाळेचे वर्ष सरकारी दप्तरात शिरले. उन्हाळ्यात इलाख्याचे सरकार महाबळेश्वरी जाई आणि पावसाळ्यात पुण्यास येई. अशा राज्यात मे महिन्याची दीर्घ सुट्टी रूढ व्हावी, यात नवल नाही. परंतु ही सुट्टी आपल्या लोकांनी लवकरच आपलीशी केली, कारण वैशाख-ज्येष्ठातील लग्नसराई, मुंजी, आंब्या-फणसाचा हंगाम आणि मुलांचे आजोळ हे सर्व तिच्यात अलगद बसले. आणि मुंबईच्या चाकरमान्याला तर पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद पडण्यापूर्वी घरी जाऊन येण्याची दुसरी सोयच नव्हती. म्हणून या सुट्टीतले आठ दिवस कमी करणे म्हणजे असंख्य कुटुंबांच्या वर्षभराच्या आखणीला हात घालणे होय, ही गोष्ट कचेरीत बसून सहसा लक्षात येत नाही.

या मांडणीला पहिला मोठा धक्का दिला तो प्लेगने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग ओळखला आणि पुढील काही महिन्यांत आठ लाखांवर वस्तीच्या त्या शहरातून लाखो माणसे वाट फुटेल तिकडे निघाली. या पलायनामागे रोगाचे भय होते तसेच, किंबहुना त्याहून अधिक, रोगावरील इलाजाचे भय होते. इस्पितळात नेलेल्या माणसाच्या देहातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, अशी वदंता पसरली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. आणि मार्च १८९८ मध्ये रिपन रोडच्या परिसरात विणकरांच्या घरातील एका आजारी मुलीला तपासणीसाठी नेण्याच्या प्रयत्नातून दंगल उसळली. मोमियाईची गोष्ट अर्थातच खोटी होती, पण जिला लोकांनी खोटी मानावी इतका विश्वास सरकारने मिळवलेला नव्हता, हे सत्य त्या खोट्या गोष्टीहून अधिक विचार करण्याजोगे आहे.

पुण्याची कथा सर्वश्रुत आहे, तरी तिच्यातील ऋतूंचा क्रम मुद्दाम पाहण्यासारखा आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला, साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर रँड पुण्याच्या प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून आले आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांनी घरोघरी झडत्या घेण्यास आरंभ केला. माजघर, देवघर, स्वयंपाकघर असा कोणताही कोपरा त्या झडतीतून सुटला नाही. संशयितांना सेग्रिगेशन कँपात नेण्यात आले आणि सामानाची होळी करण्यात आली. परिणाम असा झाला की लोक आजारी माणसे लपवू लागले, म्हणजे जो रोग उघडकीस यावा म्हणून हा बंदोबस्त होता, तो त्याच बंदोबस्ताने अंधारात लोटला. शहरातील अनेक पुढारी गाव सोडून गेले असता टिळक पुण्यात राहिले, हिंदूंसाठी निराळे प्लेग-इस्पितळ काढण्यात पुढे झाले आणि पळून गेलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी केसरीतून टीका केली. सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने गेल्या. पुण्यातील शाळांचा आरंभ ज्यांच्या नावाशी जोडलेला आहे त्या बाईंनी शेवटी प्लेगच्या रोग्याला उचलून आणण्यात आपला देह ठेवावा, याहून मोठे शिक्षण या शहराने कोणाकडून घेतले असेल असे मला वाटत नाही.

मे महिन्यात साथ ओसरली आणि झडत्यांचे काम आटोपते घेण्यात आले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरबंधूंनी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. पावसाळा सरता सरता प्लेग पुण्यात पुन्हा उपटला, आणि या वेळी पहिल्याहून अधिक जोराने. सोजिरांनी रोग हटविला असे ज्यांना वाटले होते, त्यांना त्याचे कारण उमगले नाही. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झालेल्या संशोधनाने दाखविले की उंदरांवरील पिसवांमार्फत पसरणारा हा रोग कडक, कोरड्या उन्हाळ्यात मंदावतो. मुंबईत त्याचा जोर फाल्गुन-चैत्रात, तर पुण्याकडे भाद्रपद-आश्विनात असे. म्हणजे दख्खनच्या पठारावर शाळांना सुट्टी असे तेव्हा रोगही सुट्टीवर असे, आणि मृगानंतर मुले पाटी-दप्तर घेऊन परतत, त्यानंतर काही आठवड्यांतच घरात उंदीर पडू लागत. रोगाने शाळेचे नेमके कामाचे महिने गिळावेत आणि अभ्यासाला निर्धोक असे दिवस तेवढे सुट्टीत जावेत, अशी ही विपरीत जुळणी होती.

उंदीर पडला की गाव सोडायचे, हे मग खेड्यापाड्यांतून लोकांनी स्वतःच ठरवून घेतले. पहिल्या वर्षांतील सक्ती १८९८ नंतर पुष्कळ सैल झाली आणि जे सोजिरांच्या धाकाने झाले नव्हते ते अनुभवाने होऊ लागले: रानात, माळावर, मळ्यांत झोपड्या उभ्या राहत आणि थंडी सरेपर्यंत गाव ओस पडे. गाव ओस पडले की शाळाही ओस पडे. या स्थलांतरातून एक चिरस्थायी गोष्ट निघाली, ती धोंडो केशव कर्वे यांचा आश्रम. पुण्यातील प्लेगमुळे त्यांनी आपली अनाथ बालिकाश्रमाची संस्था १९०० साली गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर नेली. शहराची वर्दळ सुटली, लोकांच्या टीकेचा ताप काहीसा दूर राहिला आणि स्त्रीशिक्षणाचे ते काम त्या माळावर रुजले. भयाने पळालेली माणसे आणि हेतू मनात धरून हललेली माणसे यांच्यात केवढे अंतर असते, ते या एका उदाहरणात दिसते.

साथीच्या रोगांचा १८९७ चा तोच कायदा महाराष्ट्रात १३ मार्च २०२० रोजी कोरोनाच्या साथीत पुन्हा लागू झाला. शाळा बंद झाल्या त्या दीड-दोन वर्षे अडखळत राहिल्या आणि फोनच्या पडद्यावरचा अभ्यास ज्यांच्या घरी पोचला नाही अशी मुले अक्षरओळखही विसरली. तेव्हा मार्च २०२२ मध्ये सरकारने शाळा एप्रिलअखेरपर्यंत पूर्ण वेळ चालविण्याचा हुकूम काढला, रविवारचे वर्गही ऐच्छिक म्हणून त्यात घातले. आणि शिक्षक-पालकांकडून तक्रारी आल्या, कारण अनेकांची गावी जाण्याची तिकिटे आधीच काढून झाली होती. माझ्या मते त्या हुकुमाचा हेतू निःसंशय रास्त होता, कारण मुलांचे बुडालेले शिक्षण कोठून तरी भरून काढणे अवश्यच होते आणि सुट्टीखेरीज दुसरी जागा नव्हती. परंतु हीच गोष्ट शाळासमित्यांना व पालकांना दोन-तीन महिने आधी सांगून, त्यांच्याकडून दिवस ठरवून घेतली असती, तर निम्मी तक्रार उद्भवलीच नसती. विदर्भातील शाळा त्या वर्षी तेथील कडक उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडल्या. प्रांताप्रांताच्या हवेप्रमाणे शाळेचे दिवस हलविता येतात हे खात्याला तेव्हाही ठाऊक होते. उन्हासाठी जी मोकळीक दिली, तीच एप्रिलचे दिवस ठरविताना जिल्ह्याजिल्ह्याला देता आली असती.