गावाकडची पशुपालन योजना : पैसे गुंतवण्यापूर्वी



पेंडल हिल आणि आसपासच्या आपल्या घरांत गावाकडून कुणाचा तरी फोन येतोच : "नवीन पशुपालनाची योजना आहे, थोडे डॉलर पाठव, दुप्पट होतील." अशा वेळी उपयोगी पडावी म्हणून ही माहिती देत आहोत.

कडकनाथ : ही झाबुआची काळ्या मांसाची कोंबडी. इस्लामपूरच्या एका कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन पिल्ले आणि खाद्य दिले. अंडी आणि पक्षीही आपणच विकत घेऊ म्हणून सांगितले. २०१९ साली खाद्य थांबले, खरेदी थांबली. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांच्या अंगणात खाणारी तोंडे तेवढी उरली.

एमू : आपल्या इथला हा पक्षी भारतात नेऊन तमिळनाडूत पेरुंदुराई येथे अशीच योजना चालली. २०१२ मध्ये ती कोसळली. एमूचे मांस खाणारे गिऱ्हाईक भारतात जवळजवळ नव्हतेच. जुन्यांचे पैसे नव्या गुंतवणूकदारांकडून येत होते.

ऑस्ट्रेलियात : २००९ साली टिंबरकॉर्प आणि ग्रेट सदर्न या शेती-वनीकरण योजनांच्या कंपन्या बुडाल्या. करसवलतीसाठी कर्ज काढून पैसे घातलेल्या अनेकांच्या मागे योजना बुडाली तरी कर्जाचे हप्ते राहिलेच.

तिन्हींतला धडा एकच : माल शेवटी खाणारा-वापरणारा कोण, हे आधी पाहावे. नाहीतर बाजारात तुरी...! जनावर मात्र भाव पडला तरी रोज खाते.

पैसे देण्यापूर्वी विचारा :

१. पिल्ले विकणारा आणि माल घेणारा एकच आहे का? तो बंद पडला तर दुसरा खरेदीदार कोण?
२. वर्षभर विक्री झाली नाही तर खाद्य, औषधे, मजुरी यांचा खर्च कुणाचा?
३. 'हमखास' परतावा कुठून येणार? मालाच्या विक्रीतून की नव्या सभासदांकडून?
४. भारतात सेबीकडे, इथे एसिककडे नोंद आहे का? दोघांच्याही संकेतस्थळांवर पाहता येते.
५. योजनेत शेतजमीन आहे का? अनिवासी भारतीयांना आणि ओसीआय कार्डधारकांना भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळू शकते.

फसवणूक झालीच तर महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे. पावत्या आणि करारपत्र जपून ठेवा. नात्यातला माणूस सांगतो म्हणून कागद न वाचता पैसे पाठवू नका. बहुतेक वेळा त्यालाही कुणीतरी तसेच सांगितलेले असते.