भाऊबीज आणि पगार

ओवाळणीची किंमत कोणी विचारीत नाही. भावाने ताटात काय टाकले यापेक्षा तो आला, याचेच बहिणीला अप्रूप! महाराष्ट्र सरकारही दिवाळीला अंगणवाडीच्या सेविकांना आणि मदतनिसांना ‘भाऊबीज भेट’ देते. २०२५ साली ती प्रत्येकी २००० रुपये होती. नाव मोठे गोड. पण वर्षभर दुसऱ्यांची लेकरे सांभाळणाऱ्या बाईला ओवाळणी द्यावयाची की पगार, हा प्रश्न त्या गोडव्याखाली झाकून जातो.

मनोरच्या मस्तान नाक्यावर अहमदाबादचा हमरस्ता सोडून आत वळले, की पाड्यापाड्यांतून अंगणवाडीची पाटी दिसू लागते. ती कल्पना मूळची याच मुलखातली. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे धडे गिरवलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच साली त्यांना येऊन मिळाल्या. गरिबांची मुले शाळेत येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या वस्तीवर नेली. अंगणातच मुलांना न्हाऊ घालावे, केस विंचरावेत आणि मग शंखशिंपले, बिया नि खडे घेऊन शिकवावे! पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलांत गेले. मूल सांभाळणे बाईला उपजतच येते, ही समजूत ताराबाईंनी कधी मानली नाही. या कामासाठी शिकून तयार झालेली बाई हवी, असा त्यांचा आग्रह असे.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हेच नाव मिळाले. खाऊ शिजवणे, वजने घेणे, लसीकरणाला बोलावणे, गरोदर बायांची विचारपूस, बालकांचे शिक्षण, सारे तिथेच. आणि मोबदला? मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, न झालेलीला १००, मदतनिसाला ३५. शिवाय तो पगार नव्हे, ‘मानधन’! शब्दात मान होता. धन मात्र बेताचेच. पगार म्हटला की त्यामागून हक्क येतात. मानधनाला तशी शेपूट नसते.

२००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की या बाया सरकारी पदावर नाहीत. केंद्राने आपले मानधन २०१८ साली वाढविले, तेही सेविकेला ४५०० आणि मदतनिसाला २२५० रुपयेच. वर राज्याने आपली भर घालावयाची. मग २५ एप्रिल २०२२ रोजी, गुजरातेतील दाहोदच्या बायांच्या खटल्यात, न्या. अजय रस्तोगी व न्या. अभय ओक यांनी निर्णय दिला: हे काम अर्धवेळ म्हणता येणार नाही, आणि ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच. सत्तेचाळीस वर्षांनी त्या शब्दाला शेपूट फुटली!

तरीही ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविकांना ५२ दिवस संप करावा लागला. मागण्यांत वेतनवाढीबरोबर ग्रॅच्युइटीही होतीच. न्यायालयाचा कागद आणि बाईचा हात यांत अंतर पुष्कळ असते.

भाऊबीज बंद करा, असे कोण म्हणेल? भावाने जरूर यावे. पण बहिणीचे जे हक्काचे आहे ते आधी चुकते करावे, आणि मग पाटावर बसावे. ओवाळून घ्यायला खरा मान तेव्हाच!